जुने पत्ते जिवंत ठेवताना : ‘रिडायरेक्शन’ प्लगिनचा दीड वर्षाचा अनुभव

खान्देशातील शेती, खाद्यपदार्थ आणि अहिराणी बोली या विषयांवर मी २०११ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर लिहीत आलो आहे. एवढ्या वर्षांत माझे लेखन गूगलच्या शोधातून जितके वाचले गेले, त्याहून कितीतरी अधिक ते व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या दुव्यांमधून वाचले गेले. यावल-रावेरकडच्या केळी बागायतदारांच्या गटात एखादा दुवा पडला की तो तीन-तीन वर्षे फिरत राहतो आणि करप्याचा हंगाम आला की पुन्हा वर येतो. अशा लेखाचा पत्ता मोडला, तर लेख जागेवर असूनही नसल्यासारखाच होतो. म्हणून पत्ते सांभाळण्यासाठी गेले दीड वर्ष मी जे साधन वापरतो आहे, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

साधनाचे नाव ‘रिडायरेक्शन’. स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, चालणाऱ्या वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीसाठी जॉन गॉडली यांनी लिहिलेले हे मोफत प्लगिन, म्हणजे तिला जोडायचे छोटे साधन, आहे आणि वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते चालू आहे. काम एका वाक्यात सांगता येते : कोणी जुना पत्ता मागितला, तर त्याला नव्या पत्त्यावर पोहोचवणे. जळगावच्या गोलाणी मार्केटात एखाद्याने गाळा बदलला की जुन्या शटरवर नव्या गाळ्याचा क्रमांक लिहून ठेवतात, तसेच हे आहे. कायमच्या स्थलांतरासाठी ‘३०१’ आणि तात्पुरत्यासाठी ‘३०२’ हे दोन संकेत मुख्यतः वापरले जातात. लेख कायमचा काढून टाकला असेल आणि त्याची बदली जागाच नसेल, तर ‘४१०’ हा तिसरा संकेतही येथे देता येतो.

परंतु या प्लगिनची योग्यता सांगण्याआधी ते कोठे उपयोगी पडत नाही हे सांगणे मला अधिक आवश्यक वाटते, कारण माझा पहिला आठवडा नेमका त्याच गैरसमजात गेला. जानेवारी २०२४ मध्ये मी होस्टिंग बदलले. नव्या सर्व्हरवर सगळा मजकूर पोहोचला होता, मुख्य पान व्यवस्थित उघडत होते, परंतु कोणत्याही लेखाच्या शीर्षकावर टिचकी मारली की ‘४०४’, म्हणजे पान सापडत नसल्याचा निरोप येत होता. अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोन आठवड्यांवर आले होते आणि त्या निमित्ताने खान्देशाविषयीचे जुने लेख लोक एकमेकांना उत्साहाने पाठवत होते. शिरपूरच्या एका वाचकाने फोन करून सांगितले, “भाऊ, तुमनी लिंक उघडत नही.” दुसऱ्या दिवशी असे चार फोन आले. मी घाईने ‘रिडायरेक्शन’ बसवले, एकेका लेखासाठी नियम लिहायला घेतला, आणि काहीही बदलले नाही.

बदलणे शक्यही नव्हते. हे प्लगिन वर्डप्रेसच्या आत चालते. वाचकाने मागितलेला पत्ता सर्व्हरने वर्डप्रेसच्या मुख्य फाइलकडे सोपवलाच नाही, तर प्लगिनला त्या मागणीची खबरही लागत नाही. माझा जुना सर्व्हर अपाची होता आणि तो पत्त्यांचे नियम एचटीॲक्सेस नावाच्या फाइलमधून वाचत असे. नवा सर्व्हर एनजिनएक्स होता आणि एनजिनएक्स ती फाइल मुळीच वाचत नाही. त्याच्या स्वतःच्या रचनेत ‘ट्राय फाइल्स’ ही ओळ असावी लागते. आधी त्या नावाची फाइल शोध, मग त्या नावाचा फोल्डर शोध, आणि दोन्ही नसतील तर मागणी वर्डप्रेसच्या इंडेक्स फाइलकडे दे, असा तिचा अर्थ. ही एक ओळ होस्टिंगवाल्यांकडून घालून घेतल्यावर सगळे लेख एकाच क्षणी उघडू लागले आणि मी लिहिलेल्या नियमांपैकी एकाचीही गरज उरली नाही.

ज्यांचा नवा सर्व्हरही अपाचीच आहे, त्यांच्याकडे हेच लक्षण दिसले तर बहुधा एचटीॲक्सेस फाइल मागे राहिलेली असते. तिचे नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे अनेक ठिकाणी ती लपलेली असते आणि फाइली उतरवून घेताना निवडली जात नाही. अशा वेळी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील पर्मालिंक्सच्या (लेखांच्या पत्त्यांची रचना ठरवण्याच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता केवळ ‘सेव्ह’ करावे. सर्व्हरने लिहिण्याची परवानगी दिली असेल तर फाइल पुन्हा तयार होते. या साध्या उपायाने सुटणाऱ्या अडचणी किती आहेत हे पाहिल्यावर, कोणतेही प्लगिन शोधण्यापूर्वी प्रत्येकाने हे करून पाहावे असा माझा आग्रह आहे. आणखी एक खूणगाठ बांधून ठेवावी : कोणत्याही लेखाचा साधा, क्रमांकाचा पत्ता, म्हणजे प्रश्नचिन्हानंतर ‘पी बरोबर अमुक’ असा, मागितला की तो वर्डप्रेसपर्यंत पोहोचतो आणि वर्डप्रेस वाचकाला नावाच्या पत्त्याकडे वळवते. क्रमांकाच्या जागी पत्त्यात लेखाचे नाव दिसू लागते आणि मग ‘४०४’ येतो, असे असेल तर लेख सुखरूप आहे आणि दोष केवळ पत्ते वाचण्याच्या नियमांत आहे. घाबरून मजकूर पुन्हा आयात करू नये.

दुसरा गोंधळ फेऱ्यांचा झाला. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह असलेला पत्ता मुख्य मानला होता आणि वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये त्याविना असलेला. एक दाराबाहेर पाठवत होता, दुसरा आत ढकलत होता, आणि ब्राउझर काही फेऱ्यांनंतर ‘फार वेळा पुनर्निर्देशन झाले’ असे सांगून थांबत होता. वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरणाऱ्यांना हाच अनुभव त्याच्या ‘फ्लेक्सिबल’ प्रकारात येतो. त्यात वाचक ते क्लाउडफ्लेअर हा टप्पा सुरक्षित असतो, पण क्लाउडफ्लेअर ते सर्व्हर हा टप्पा साध्या एचटीटीपीवर चालतो. सर्व्हर प्रत्येक मागणी सुरक्षित पत्त्याकडे परत पाठवत राहतो आणि फेरा संपत नाही. उपाय प्लगिनमध्ये शोधू नये. सर्व्हरवर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र बसवून ‘फुल’ किंवा ‘फुल स्ट्रिक्ट’ प्रकार निवडावा. ‘रिडायरेक्शन’च्या ‘साइट’ या भागात सर्वांना सुरक्षित पत्त्यावर नेण्याची आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ ठेवण्याची किंवा काढण्याची सोय आहे, परंतु तेच काम सर्व्हर, क्लाउडफ्लेअर आणि वर्डप्रेस यांपैकी कोणी आधीच करत असेल, तर येथे ते चालू करणे म्हणजे भांडणात आणखी एक पक्ष वाढवणे होय. हे काम एकाच जागी सोपवावे.

याच दिवसांत मी शिकलेली आणि प्रत्येक नवख्याला सांगावीशी वाटणारी गोष्ट अशी की, ब्राउझर ‘३०१’ लक्षात ठेवतो. चुकीचा नियम दुरुस्त केल्यावरही माझ्या संगणकावर जुनीच चूक दिसत राहिली आणि दुरुस्ती फसली असे समजून मी बरोबर असलेला नियम पुन्हा बिघडवला. तेव्हापासून नवा नियम मी आधी ‘३०२’ म्हणून लिहितो, खासगी खिडकीत तपासतो, आणि दोन-तीन दिवस नीट चालल्यावरच त्याचा ‘३०१’ करतो. प्लगिनमध्ये हा बदल ओळ उघडून क्षणात करता येतो.

आता खुद्द साधनाकडे. बसवल्यावर ते डेटाबेसमध्ये स्वतःची वेगळी कोष्टके तयार करते आणि नियमांसाठी दोन गट देते : एक हाताने लिहिलेल्या नियमांचा आणि एक ‘मॉडिफाइड पोस्ट्स’ म्हणजे आपण पत्ता बदललेल्या लेखांचा. देखरेख चालू ठेवली तर प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलताच जुन्या पत्त्यावरून नव्याकडे जाणारा नियम आपोआप तयार होतो. येथे कोणी म्हणेल की वर्डप्रेस हे स्वतःच करते. करते खरे, बदललेल्या लेखाचे जुने नाव ते डेटाबेसमध्ये जपून ठेवते. पण ते नियम कोठे एकत्र दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत. शिवाय वर्डप्रेसला एक सवय आहे : न सापडलेल्या पत्त्याच्या नावाने सुरू होणारा एखादा लेख मिळाला, तर अंदाजाने वाचकाला ते तिकडे नेते. हा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. चुकतो तेव्हा मात्र भरिताची कृती शोधणारा वाचक वांग्यावरील किडीच्या लेखात जाऊन पडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘रिडायरेक्शन’मध्ये प्रत्येक नियमापुढे तो किती वेळा वापरला गेला आणि शेवटचा कधी, हे दिसते. केवळ या एका रकान्यासाठी मी हे प्लगिन ठेवले असते.

माझे खरे काम ब्लॉगरच्या जुन्या पत्त्यांचे होते. २०११ ते २०१७ मी ब्लॉगरवर लिहीत होतो, सुदैवाने स्वतःचे डोमेन जोडून. (ज्यांचे लेखन ‘ब्लॉगस्पॉट’च्या पत्त्यावरच होते, त्यांना हे प्लगिन थेट मदत करू शकत नाही, कारण ते डोमेन गूगलचे आहे आणि तेथे आलेली मागणी आपल्या सर्व्हरपर्यंत येत नाही.) ब्लॉगर लेखाच्या शीर्षकातील देवनागरी अक्षरे पत्त्यात घेत नसे. त्यामुळे मराठी शीर्षकांच्या लेखांना वर्ष, महिना आणि पुढे ‘ब्लॉग-पोस्ट’ व एखादा आकडा, असे एकमेकांसारखे दिसणारे पत्ते मिळत. कानबाईच्या रोटांचा लेख, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा लेख, आखाजीच्या गाण्यांचा लेख, सगळ्यांचे नाव एकच आणि पुढचा आकडा वेगळा. पत्त्यावरून लेख ओळखणे अशक्य असल्याने मला प्रत्येक जुना पत्ता उघडून, मजकूर पाहून, त्यासमोर नवा पत्ता लिहावा लागला.

प्लगिनची आयातीची सोय येथे मोलाची ठरली. कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा, हवे असल्यास पुढे नियम नमुन्याचा (एकाच धाटणीच्या अनेक पत्त्यांना लागू होणारा) आहे की साधा, आणि शेवटी संकेतक्रमांक, अशी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल तयार केली की सारे नियम एका दमात आत जातात. मी ती फाइल चार संध्याकाळी बसून भरली. तीच फाइल आजही माझ्याकडे प्रतीच्या रूपात आहे, आणि प्लगिन कधी बदलायची वेळ आली तर तिचा उपयोग होईल. शिवाय प्लगिनमधून नियम बाहेर काढतानाही सीएसव्हीखेरीज अपाची आणि एनजिनएक्स यांच्या भाषेत ते उतरवून घेता येतात.

आयात झाल्यावर संगणकावर प्रत्येक दुवा चालला आणि तरीही वाचकांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. उलगडा प्लगिनच्या ‘४०४’च्या नोंदवहीतून, म्हणजे न सापडलेल्या पत्त्यांच्या यादीतून, झाला. ब्लॉगर मोबाइलवर उघडलेल्या लेखाच्या पत्त्याला शेवटी ‘एम बरोबर १’ असे शेपूट जोडतो. आमच्याकडे लोक मोबाइलवरच वाचतात आणि तेथूनच पुढे पाठवतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे जवळजवळ सगळे जुने दुवे शेपटीसह होते. फेसबुकवरून येणाऱ्या पत्त्यांना त्याचे वेगळे, लांबलचक शेपूट असते. माझ्या नियमांमध्ये प्रश्नचिन्हानंतरचा भाग तंतोतंत जुळावा अशी निवड होती, म्हणून शेपटीचा पत्ता नियमात बसत नव्हता. प्रत्येक नियमाला प्रश्नचिन्हानंतरच्या भागाबाबत वेगळी निवड देता येते : तंतोतंत जुळवा, दुर्लक्ष करा, किंवा दुर्लक्ष करून तो भाग पुढच्या पत्त्याला जोडून द्या. मी सर्व जुन्या नियमांना ‘दुर्लक्ष करा’ ही निवड दिली आणि त्या रात्रीपासून नोंदवहीतील ब्लॉगरचे पत्ते नाहीसे झाले. ब्लॉगरवरून आलेल्या प्रत्येक मराठी लेखकाने आयातीपूर्वीच ही निवड करावी. माझे त्यात तीन आठवडे गेले.

ब्लॉगरच्या लेबलांसाठी एक नमुन्याचा नियम पुरला. ‘सर्च’, ‘लेबल’ आणि त्यापुढे जे काही असेल ते उचलून वर्डप्रेसच्या टॅगच्या पत्त्यात ठेवायचे, एवढेच. अट इतकीच की टॅगचे नाव दोन्हीकडे सारखे हवे. नमुन्याचे नियम लिहिताना सुरुवातीची आणि शेवटाची खूण न घातल्यास नियम नको तेथेही लागू होतो आणि कधी कधी स्वतःच्याच लक्ष्यावर पुन्हा लागू होऊन फेरा तयार होतो. ज्यांना हे नमुने नवे आहेत त्यांनी साधे, एकास एक नियम लिहावेत. दोनशे साधे नियम सांभाळणे एका न समजलेल्या नमुन्यापेक्षा सोपे असते.

यानंतर जे सांगायचे आहे, ते केवळ मराठीत लिहिणाऱ्यांच्या कामाचे आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनात ते फारसे सापडत नाही. वर्डप्रेस लेखाचे पत्त्यातील नाव डेटाबेसमध्ये जास्तीत जास्त २०० जागांत ठेवते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरखूण, मग ती काना, मात्रा, अनुस्वार किंवा पायमोड का असेना, साठवताना तीन बाइट घेते आणि टक्क्याच्या चिन्हांसह लिहिल्यावर नऊ जागा व्यापते. म्हणजे मराठी शीर्षकाच्या वाट्याला सुमारे २२ खुणा येतात. ‘खान्देशातल्या वांग्याच्या भरिताचा हंगाम’ या माझ्या लेखाचे उदाहरण घ्या. ‘खान्देशातल्या’ या शब्दात १३ खुणा आहेत, त्यांना ११७ जागा लागतात. मध्ये एक जोडरेघ. उरलेल्या ८२ जागांत आणखी नऊ खुणा मावतात. त्यामुळे पत्ता ‘खान्देशातल्या-वांग्याच्’ येथे, पायमोडक्या ‘च’वर, तुटला. पुढे ‘खान्देशातल्या वांग्याच्या जाती’ हा लेख लिहिला, तर त्याचे नावही तेथेच तुटून आधीच्या लेखासारखे होणार. ‘२’ हा आकडा जोडायला जागा हवी म्हणून वर्डप्रेसने आणखी एक खूण कापली आणि त्याचा पत्ता ‘खान्देशातल्या-वांग्याच-२’ असा झाला. दोन्ही पत्त्यांत भरीतही नाही आणि जातीही नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे असा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बहुधा टक्के, आकडे आणि अक्षरे यांची चार-पाच ओळींची रांग दिसते. वडीलधारी माणसे ती पाहून दुवा उघडायला कचरतात, आणि कोणी हाताने नक्कल करताना शेवटची ओळ सोडून देतो. माझ्या नोंदवहीत अर्धवट तुटलेल्या पत्त्यांची मागणी मी रोज पाहिली आहे. आणखी एक बारीक अडचण ‘ऱ्य’ची. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द कीबोर्डनुसार दोन वेगळ्या खुणांनी लिहिला जाऊ शकतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण संगणकाला ती दोन भिन्न नावे असतात. त्यामुळे जुन्या कीबोर्डवर टंकलेला पत्ता नियमात लिहिताना तो हाताने कधीही टंकू नये, नोंदवहीतून उचलून चिकटवावा.

मला मराठी पत्ते मनापासून आवडतात. आपल्या भाषेतले नाव पत्त्यात असावे ही इच्छा मी वर्षानुवर्षे जोपासली, आणि ‘केळी’ हा शब्द शोधाच्या निकालात देवनागरीतच दिसतो याचा आनंदही मोठा असतो. तरीही बावीस खुणांच्या हिशेबापुढे मी माघार घेतली. नव्या लेखांना मी आता रोमन लिपीत, दोन ते चार शब्दांचे, स्वतः ठरवलेले नाव देतो आणि प्रसिद्ध करण्यापूर्वीच देतो. जुन्या देवनागरी पत्त्यांना मात्र हात लावलेला नाही. सगळे एकदम रोमनमध्ये बदलून टाकावे आणि ‘रिडायरेक्शन’ने बाकीचे सांभाळावे, असा मोह झाला होता, परंतु चालत असलेला पत्ता केवळ देखणेपणासाठी बदलणे मला योग्य वाटत नाही, आणि चांगले प्लगिन हाताशी असणे हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

हीच चूक मी एकदा केली होती, तीही दुरुस्तीच्या त्याच दिवसांत. पत्त्यातील वर्ष, महिना आणि दिवस काढून केवळ लेखाचे नाव ठेवावे म्हणून मी सेटिंग्जमधली रचना बदलली, आणि २०१७ नंतरच्या सर्व लेखांचे पत्ते एका क्षणात जुने झाले. या प्रसंगासाठी प्लगिनच्या ‘साइट’ भागात ‘पर्मालिंक मायग्रेशन’ नावाची जागा आहे. तेथे जुनी रचना लिहिली की त्या धाटणीचे पत्ते आजच्या रचनेकडे वळवले जातात, प्रत्येक लेखासाठी वेगळा नियम लागत नाही. माझे काम तिने केले. मात्र ही सोय लेखांपुरती आहे; वर्ग आणि टॅग यांच्या पत्त्यांसाठी वेगळे नियम लिहावे लागले.

साखळ्यांकडेही लक्ष द्यावे लागते. ब्लॉगरचा पत्ता तारखेच्या पत्त्याकडे, तारखेचा नावाच्या पत्त्याकडे आणि त्याआधी असुरक्षित पत्ता सुरक्षित पत्त्याकडे, अशा तीन उड्या माझ्या काही लेखांना पडत होत्या. गूगलचा शोधयंत्रमानव दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो, पण आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्क कमकुवत असते आणि प्रत्येक उडीला वाचकाची वाट पाहण्याची तयारी कमी होते. प्लगिन साखळ्या आपणहून सरळ करत नाही. मी सीएसव्ही बाहेर काढली, दुसऱ्या रकान्यातले जे पत्ते पहिल्या रकान्यातही आहेत ते शोधले, आणि प्रत्येक जुना पत्ता थेट अंतिम ठिकाणी जोडला.

उणिवा सांगायच्या तर नोंदवहीबाबत सावध राहावे लागते. तिच्यात खऱ्या वाचकांपेक्षा यंत्रांची गर्दी अधिक असते. ती संकेतस्थळाची कवाडे चाचपडत, अस्तित्वात नसलेल्या फाइली दिवसरात्र मागत असतात. नोंदी अमर्याद काळ ठेवल्या तर डेटाबेस फुगतो, म्हणून मी एका आठवड्याची मर्यादा ठेवली आहे. वाचकांचे आयपी पत्ते पूर्ण ठेवायचे, अर्धवट झाकायचे की मुळीच ठेवायचे नाहीत, हेही निवडता येते. मला त्यांची गरज नसल्याने मी ते बंद केले. प्लगिनची पाने वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआय या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मार्गावर चालतात, त्यामुळे एखाद्या सुरक्षा-प्लगिनने तो मार्ग अडवला असेल तर यादीच उघडत नाही. पानांची कॅशे (आधीच तयार करून ठेवलेल्या पानांचा साठा) वापरत असाल तर नवा नियम लिहिल्यावर ती रिकामी करावी. आणि सर्व्हरवर जी फाइल प्रत्यक्ष अस्तित्वात आहे तिच्यासाठी, उदाहरणार्थ जुन्या छायाचित्रासाठी, लिहिलेला नियम सहसा चालत नाही, कारण सर्व्हर ती परस्पर देऊन टाकतो.

या काळात एका व्यावसायिकाने मला सुचवले होते की ‘४०४’ची प्रत्येक मागणी सरसकट मुख्य पानाकडे वळवावी, म्हणजे तक्रार उरणार नाही. तशी तयार प्लगिनेही मिळतात. हा सल्ला मला पटला नाही आणि आजही पटत नाही. शहाद्याहून एखादा शेतकरी पपईच्या मोझॅक रोगाचा लेख उघडायला आला आणि त्याला मुख्य पानावर दिवाळीच्या फराळाचे चित्र दिसले, तर लेख हरवला आहे हेही त्याला कळत नाही. आणि गूगलही अशा वळणांना बहुधा पान नसल्यासारखेच मानते. ज्याची बदली जागा ठाऊक आहे तेवढ्यालाच नियम द्यावा, बाकीच्यांना प्रामाणिक ‘४०४’ द्यावा आणि त्या पानावर शोधाची चौकट ठेवावी. ‘रिडायरेक्शन’ अशा सरसकट वळणाला भाग पाडत नाही, एकेका पत्त्याचा विचार करायला लावते, हे मला त्याचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते.

होस्टिंग नुकतेच बदलले असेल, तर आधी सर्व्हरचा नियम, मग सेटिंग्जमधले दोन पत्ते (वर्डप्रेसचा आणि संकेतस्थळाचा) आणि प्रमाणपत्र पाहावे. डेटाबेसमधील डोमेनचे नाव बदलायचे असल्यास ते साध्या शोधा-बदला आज्ञेने करू नये, कारण वर्डप्रेसच्या कित्येक नोंदींत मजकुराची लांबीही लिहिलेली असते आणि ती चुकली की नोंद वाचता येत नाही. त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेस लेखी आज्ञांनी चालवण्याच्या साधनाची स्वतंत्र आज्ञा आहे. हे सारे झाल्यावर जे पत्ते उरतील त्यांच्यासाठी हे प्लगिन घ्यावे. ज्यांचे संकेतस्थळ वर्षभराचे आहे आणि पत्ते कधी बदललेले नाहीत, त्यांना त्याची आज गरज नाही. दहा-बारा वर्षांचे लेखन ज्यांच्या पाठीशी आहे त्यांना मी ते निःसंकोचपणे सुचवतो.

नियम किती काळ ठेवावेत, असे मला विचारले जाते. गूगलची शिफारस शक्य तितका काळ, किमान एक वर्ष, अशी आहे. मी वापराचा रकाना पाहून ठरवतो, आणि आजवर फार थोडे नियम काढले आहेत. एक गट मात्र वेगळा केला आहे. २०१३ मध्ये आमच्या तालुक्यातील एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेत माझे काही लेख छापले गेले होते आणि प्रत्येकाखाली त्याचा ब्लॉगरचा पत्ता होता. छापलेल्या कागदावरचा पत्ता बदलता येत नाही. त्या गटाला मी ‘छापील’ असे नाव दिले आहे, त्यात सात ओळी आहेत, आणि मागच्या महिन्यात त्यांपैकी एक दोनदा वापरली गेली.